रेगीना आणि नियम क्रमांक नऊ

बोट पाण्यात असते, असा लोकांचा एक समज आहे. बोट घेईपर्यंत मीही त्याच समजात होतो. प्रत्यक्षात बोट असते ती इमारतीच्या अंगणात, ताडपत्रीखाली, शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. पाण्याशी तिचा संबंध येतो तो पाऊस पडून ताडपत्रीत डबकं साचलं तरच. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारी बघतो. सव्वीस वर्षं पाण्यावरच पोट भरतोय म्हणा ना. पण पाण्यापायी माणसाची किती शोभा होऊ शकते, याचा अंदाज खात्यात कधी आला नव्हता. तो त्या वसंतात आला.

बोटीची कल्पना मिर्काची. मिर्का माझी बायको. औषधांच्या दुकानात मलमं घोटून देते आणि रतीभर इकडचं तिकडे होऊ देत नाही. शाळेत असताना दोन उन्हाळे ती उत्तरेकडच्या माझुरी प्रांतातल्या तळ्यांवर शीड हाकायला शिकली होती, आणि त्यानंतर आयुष्यात जे जे काही बिनसलं ते तळ्यापासून लांब राहिल्यामुळे बिनसलं, असं तिचं ठाम मत होतं. यात आमचं लग्नही येतं का, हे मी विचारलं नाही. एका दंतवैद्याची जाहिरात तिला सापडली आणि मार्चअखेर आम्ही सव्वासहा मीटर लांबीच्या एका शिडाच्या बोटीचे मालक झालो.

बोट वाईट नव्हती. आत चार माणसं झोपू शकतात, असं दंतवैद्य म्हणाला. ती चार माणसं कोण, हे मात्र त्याने सांगितलं नाही. पोटाखाली एक लोखंडी पातं होतं. ते वर ओढून घेतलं की बोट ट्रेलरवर कोंबडीसारखी बसायची. मागे लटकवायला चार अश्वशक्तीची मोटर. मोटरचं तर नाव काढू नका, तो म्हणाला. पुढे आम्हीही ते काढेनासे झालो, पण कारण वेगळं होतं. मागच्या अंगाला सोनेरी अक्षरांत नाव लिहिलेलं होतं: रेगीना. ही रेगीना कोण, असं मिर्काने मला विचारलं. मी दंतवैद्याला विचारलं. तो बराच वेळ समोरच्या झाडाकडे बघत राहिला, म्हणून मी विषय वाढवला नाही. नाव बदलायला तीन अर्ज लागतात असं कळल्यावर आम्हीही तो विषय सोडला. मग अंगणातला जो तो मला विचारू लागला, की काय सेव्हेरिनराव, आजचा रविवारपण रेगीनाबरोबरच का. मी हसायचो. दुसऱ्या महिन्यात हसेनासा झालो.

आमच्या तीन इमारती अंगणाला कुशीत घेतल्यासारख्या उभ्या आहेत. बोट आमच्या गाडीच्या जागेत उभी केली, शेजारची जागा अर्धी व्यापली, तोवर कुणाची काही हरकत नव्हती. अडचण डोलकाठीची झाली. ही काठी आडवी पाडून बोटीवर बांधतात, आणि ती बोटीपेक्षाही लांब असते. हे असं का, ते मला आजतागायत समजलेलं नाही. तिचं मागचं टोक अंगणावरून पुढे जाऊन बरोबर लेओकाडियाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर थांबलं. तळमजल्यावर राहणाऱ्या लेओकाडियाबाई म्हणजे आमच्या रहिवासी समितीच्या अध्यक्ष. सत्तरीच्या, ताठ, विधवा. आयुष्यभर न्यायालयात नोंदणी कारकून होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या टोकावर एक कबूतर येऊन बसलं आणि लेओकाडियाबाई बटाटे सोलतात कशा ते बघू लागलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्यांनी भांडण केलं नाही. भांडणाऱ्यांपैकी त्या नव्हेतच. रस्त्यावर गाडीबाहेर आलेल्या सामानाला लाल फडकं बांधावं असा नियम आहे, त्याला धरून त्यांनी स्वतःचं लाल चौकटीचं भांडी पुसायचं फडकं त्या टोकाला बांधलं. मग समितीकडे रीतसर तक्रार केली. समितीच्या अध्यक्ष त्याच असल्यामुळे तक्रार त्यांनी स्वतःच स्वीकारली, तिच्यावर क्रमांक घातला, आणि तक्रारदाराला, म्हणजे स्वतःला, चौदा दिवसांत उत्तर मिळेल अशी पोच दिली. तेराव्या दिवशी उत्तर दिलं. त्याची प्रत माझ्या दाराच्या फटीतून आत आली: बोट एकतीस मेपर्यंत अंगणातून हलवावी, अन्यथा समिती ती उचलून नेण्याची व्यवस्था करील. खाली शिक्का. ही बाई शिक्का मारते तेव्हा कागदाच्या मागून हात फिरवला तरी अक्षरं लागतात.

दीड महिना खूप झाला, असं मला वाटलं. मी अजून बोटवाल्यांच्या हिशेबात नवा होतो.

आधी तिचं पोट खरवडून रंगवायचं होतं. पहिल्या शनिवारी मी खाली जाऊन पाठीवर पडलो, आणि डोकं आत, पाय बाहेर अशा अवस्थेत मला कळलं की पाय बाहेर दिसले की लोक थांबतात. थांबले की सल्ला देतात. सर्वांत जास्त वेळ थांबायचे ते तिसऱ्या मजल्यावरचे टेओफिलराव. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. बोटीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण चाकांवरच्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे असं ते धरून चालायचे, आणि बोट तूर्तास चाकांवर होती. त्यांच्या मते मी उलट्या दिशेने खरवडत होतो. दुसऱ्या एकाच्या मते खरवडायचंच नसतं. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकेचा भाऊ बंदरात कामाला होता, तो म्हणे लाल रंगच लावतो. टेओफिलरावांनी मात्र निळाच रंग आणून दिला, बसडेपोतला, उरलेला. तो वाळायला किती वेळ लागतो ते डब्यावर लिहिलं होतं, पण डबाच निळ्या रंगाने माखलेला होता. सोमवारी मी कार्यालयात गेलो तेव्हा माझा डावा कान निळा होता. मीटर जास्त फिरतो म्हणून तक्रार घेऊन आलेला एक गृहस्थ माझ्याशी पंधरा मिनिटं अतिशय सौम्यपणे बोलला, आणि मीटरचं राहू द्या, असं म्हणून निघून गेला.

मग आली मोटर. पाण्याबाहेर ती चालवायची नसते, तापते. म्हणून लोक पिंपात पाणी भरून तिला आत सोडतात आणि चालवून बघतात. पिंप टेओफिलरावांनी दिलं. काकड्या आंबवायचं पिंप होतं, निम्म्या इमारतीने त्यातल्या काकड्या खाल्लेल्या. मी ते तळघराच्या नळावरून बादलीबादलीने भरलं, काठावर फळी ठोकली, फळीला मोटर अडकवली, आणि आतलं यंत्र बघावं म्हणून वरचं झाकण काढून गवतावर पालथं ठेवलं. मिर्का त्या शनिवारी दुकानावर होती. ती घरी असती तर पुढचं काही झालं नसतं.

मोटर सुरू करायची ती दोरी ओढून. मी ओढली. चाळीस वेळा ओढली. टेओफिलरावांनी ओढली. मग मजल्या-मजल्यांवरून माणसं उतरू लागली. असं काही असलं की पुरुषांना आपापल्या घरात कुठलंच काम नसतं. प्रत्येकजण आधी मी काय करतो ते बघत असे, मग खांद्यावर हात ठेवून मला बाजूला करी, आणि दहा मिनिटांनी खांदा चोळत माझ्या शेजारी येऊन उभा राही. अकरा माणसं झाली. शेवटी टेओफिलराव म्हणाले की पेट्रोल आहे का ते तरी बघू, आणि त्यांनी टाकीचं झाकण जरा सैल केलं. पुढच्याच ओढीला मोटर सुरू झाली.

ती गिअरमध्ये होती. सगळं पिंप एका दमात वर आलं. पाण्याचा एक खांब उठून अकरा माणसांवर पडला आणि उरलेला लेओकाडियाबाईंच्या खिडकीखालच्या मुळ्यांच्या वाफ्यात गेला. पिंप आडवं झालं. मी मोटर बंद केली ती नेमकी कशी, मला आठवत नाही. आठवतो तो वास. पिंपाच्या लाकडात वीस वर्षांचा शेपू, लसूण आणि मिठाचं पाणी मुरलेलं, ते तापलं, आणि अंगणभर काकडीच्या सूपचा असा काही घमघमाट सुटला की दुसऱ्या इमारतीतल्या बायका खिडक्या उघडून आज कुणाकडे काय आहे ते विचारू लागल्या. लेओकाडियाबाई बाहेर आल्या. वाफ्याकडे पाहिलं. ओल्या अकरा पुरुषांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, की तारीख एकतीसच आहे बरं का. आणि आत गेल्या.

तोवर आम्हाला ट्रेलरची आठवण झाली नव्हती. ट्रेलरची तांत्रिक तपासणी व्हावी लागते आणि आधीची मुदत संपली होती. तपासणी केंद्रावरच्या माणसाला मी फोन केला. माणूस सज्जन होता. तो म्हणाला, आणा, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त रिकामा आणा. ट्रेलरचा क्रमांक मधल्या आडव्या पट्टीवर कोरलेला असतो, आणि त्या पट्टीवर बरोबर बोटीचं पोट बसतं. बोट वर असताना क्रमांक दिसत नाही. क्रमांक दिसल्याशिवाय शिक्का नाही, शिक्क्याशिवाय रस्त्यावर ट्रेलर नाही, ट्रेलरशिवाय बोट तळ्यावर नाही.

मग बोट खाली अंगणात उतरवून ट्रेलर तेवढा न्यावा, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण आमच्या अंगणाचा नियम क्रमांक नऊ आहे: चाकांवर नसलेली कोणतीही मोठी वस्तू अंगणात ठेवता येणार नाही. दुसऱ्या इमारतीतल्या कुणीतरी एक सोफा दोन वर्षं बाहेर ठेवला होता आणि त्यात मांजरी व्यायल्या, तेव्हा तो नियम झाला. केला लेओकाडियाबाईंनी. एक तास, फक्त एक तास, अशी मी त्यांना विनंती करायला गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि समजावून सांगितलं की सोफाही सुरुवातीला एका दुपारपुरताच ठेवला होता.

मी वर आलो आणि मिर्काला म्हणालो की संपलं. बोट पाण्यात नेल्याशिवाय ट्रेलर मोकळा होत नाही, आणि ट्रेलर मोकळा झाल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही. दंतवैद्य झाडाकडे का बघत होता, ते मला आता कळलं.

मिर्काने नियमाचा कागद मागितला. डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा तो दोनदा वाचला.

"चाकांवर म्हटलंय ना," ती म्हणाली. "कुठल्या चाकांवर, ते कुठे म्हटलंय?"

टेओफिलराव त्याच संध्याकाळी बसडेपोतून जुने टायर घेऊन आले. चोवीस टायर. नुसते टायर म्हणजे चाक नव्हे, अशी शंका मिर्कालाच आली, म्हणून त्यातले चार लोखंडी चक्रांसकट आणले, सगळ्यांत वर ठेवायला. रविवारी जेवणं झाल्यावर गेल्या खेपेचीच अकरा माणसं, आता खांद्यांना मलम लावलेली, पुन्हा उतरली. जॅकवर एकेक कोपरा उचलायचा, खाली टायरांची चळत सरकवायची, जरा खाली सोडायचं. टेओफिलराव बसमधल्यासारखे "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत होते. दोन तासांनी रेगीना चार चळतींवर बसली, आणि ट्रेलर खालून सरपटत बाहेर आला तेव्हा बाल्कन्यांमधून टाळ्या झाल्या.

लेओकाडियाबाई नियमांची वही घेऊन आल्या. बोटीभोवती एक फेरी मारली. वाकून प्रत्येक चळतीचं सर्वांत वरचा टायर बघितला, त्यातल्या लोखंडावर बोटाने टिचकी मारली.  वही उघडली, वाचली, मिटली.

"चाकांवर आहे खरी," त्या म्हणाल्या, आणि जाताना मिर्काकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू इतकी वर्षं या शहरात वाचता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या आणि आज दुसरं कुणी भेटलं.

सोमवारी शिक्का मिळाला. ट्रेलर पुन्हा बोटीखाली गेला. निघायचं शनिवारी ठरलं, तीस मेला, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी. शुक्रवारी लेओकाडियाबाई दारात आल्या आणि त्यांनी कळवलं की त्याही बरोबर येणार. समितीचा ठराव होता, बोट पाण्यात उतरल्याची प्रत्यक्ष खात्री करून नोंद करायची. ठरावाच्या बाजूने मतं किती पडली, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकमताने मंजूर झाला. त्या दिवशीच्या बैठकीला त्या एकट्याच हजर होत्या.

तर आमची जुनी गाडी, मागे रेगीना, आत आम्ही चौघं. टेओफिलराव माझ्या शेजारी, कारण ट्रेलर ओढणं हे बस चालवण्याच्या सर्वांत जवळचं आहे. मागे मिर्का, आणि लेओकाडियाबाई राखाडी हॅट घालून, मांडीवर पर्स, पर्सवर समितीची वही. ऐंशी किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. टेओफिलराव प्रत्येक थांब्याजवळ आले की सवयीने उजवीकडे बघत. एका गावात थांब्यावरच्या म्हातारीने हातही केला. वाटेत उकडलेली अंडी, राईच्या ब्रेडमध्ये सॉसेज आणि त्याच पिंपातल्या काकड्या खाल्ल्या. लेओकाडियाबाई अंड्याची टरफलं मोजून कागदात बांधत होत्या.

बंदर म्हणजे दोन लाकडी धक्के, पाण्यात उतरणारा एक सिमेंटचा उतार, आणि त्या उताराकडे तोंड करून ठेवलेला एक बाक. बाकावर चार निवृत्त माणसं बसलेली. प्रत्येक बंदरात असा बाक असतो, मला नंतर कळलं. लोक बोटी कशा उतरवतात ते बघायला तो ठेवलेला असतो, आणि ज्या दिवशी नवा माणूस येतो त्या दिवशी घरून सँडविच मागवली जातात. बंदर सांभाळणारा एवाल्ड नावाचा मोठ्या मिशांचा माणूस होता. त्याने आमची कागदपत्रं पाहिली, आम्हाला पाहिलं, आणि बाकावर जाऊन पाचवा बसला.

मी गाडी उलटी घेतली. ट्रेलर उलटा घेताना स्टीअरिंग फिरवायचं त्याच्या विरुद्ध बाजूला तो जातो. हे टेओफिलराव सांगत होते, तेही विरुद्ध बाजूने. सातव्या प्रयत्नात ट्रेलर पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. बाकावर कुणीतरी घड्याळ बघितलं. इकडे लेओकाडियाबाईंनी आतूनही पाहणी करायची आहे असं सांगितलं, कारण बोटीत इमारतीची काही मालमत्ता राहिली आहे का ते नोंदवायचं होतं. तळघरातली एक बादली बरेच दिवस सापडत नव्हती. मिर्काने शिडी लावली. त्या हॅट, पर्स आणि वहीसकट वर चढल्या आणि आत गेल्या.

यापुढचं माझ्या चुकीने झालं, हे मी लगेच कबूल करतो, म्हणजे बाकीच्यांना ते सांगत बसायला नको. ट्रेलर पाण्यात गेला, बोट जराशी उचलली गेली, पण सुटेना. स्टीअरिंग टेओफिलरावांकडे देऊन मी पुढची दोरी हातात घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरलो. मेअखेरचं माझुरीचं पाणी कमरेला लागलं की माणसाचा आवाज बदलतो. त्या बदललेल्या आवाजात मी टेओफिलरावांना गाडी आणखी हातभर मागे घ्यायला सांगितली. त्यांनी घेतली. रेगीना रुळांवरून सुटून अशी काही सुर्रकन पाण्यात गेली की मला टाळी वाजवल्याशिवाय राहवलं नाही. टाळी वाजवायला दोन हात लागतात. दोरी एका हातात होती.

दोरीचं टोक पाण्यावरून वळवळत गेलं. वारा किनाऱ्याकडून होता. बोट शांतपणे, एक अंग पुढे करून, तळ्याच्या मध्यावर निघाली, आणि खालून राखाडी हॅट वर आली.

"बादली इथे नाही," लेओकाडियाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं.

 ती बाई कधी नावेत बसली नव्हती. पोहता येतं का, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी दोन पावलं पुढे टाकली आणि गळ्यापर्यंत गेलो, तेवढ्यात मिर्काने धक्क्यावरून वाकून मला कॉलरला धरून मागे ओढलं. मी एवाल्डला हाक मारली की मोटरबोट काढ. तो उठला, पण घाई केली नाही. त्याची मोटरबोट दुरुस्तीला होती. होडी होती, तिची वल्ही भाचा घेऊन गेला होता. "घाबरू नका," त्याने आमची समजूत घातली, "तळं आहे. चारी बाजूंनी बंद आहे. कुठे ना कुठे लागतीलच."

मिर्काने खिशातून फोन काढला आणि लेओकाडियाबाईंना लावला. पन्नास मीटरवर, पाण्यावर, पर्समधला फोन वाजल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. त्यांनी पर्स उघडली, चष्मा काढला, लावला, मग फोन घेतला.

"लेओकाडिया झारेम्बा, रहिवासी समिती," त्या म्हणाल्या. मिर्काने फोनचा आवाज मोठा केला होता.

"काकू, मी मिर्का. आधी खाली बसा. बसलात? आता मागे मोटर आहे ना, तिच्याकडे बघा. काय दिसतंय?"

"पांढरं झाकण आहे. त्यावर पट्टी चिकटवलीये. हाताने लिहिलंय काहीतरी."

मी आणि टेओफिलरावांनी एकमेकांकडे पाहिलं. हे झाकण आम्ही गवतावर पालथं ठेवलं होतं.

"वाचा," मिर्का म्हणाली.

"एक. मोटर पाण्यात सोडा. दोन. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तीन. गिअर मधोमध. चार. पेट्रोलची कळ उघडा, चोक ओढा. पाच. दोरी आधी हळू ओढा, अडकली की जोरात. सहा. सुरू झाल्यावर चोक आत." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अक्षर डॉक्टरचं वाटतं. पण लावलंय नीट."

"मग करा तसंच. एकेक."

आम्ही किनाऱ्यावर उभे. लेओकाडियाबाईंनी पर्स बंद केली. हॅट घट्ट केली. प्रत्येक पायरी मोठ्याने वाचून, करून, पुन्हा वाचून, पुढच्या पायरीवर गेल्या. मधे एकदा विचारलं, की सैल म्हणजे किती फेरे. मिर्काने सांगितलं, दोन. दोनच केले. मग दोरी हळू ओढली, अडकल्यावर जोरात ओढली.

मोटर पहिल्या ओढीला सुरू झाली.

त्या शनिवारी दोरी ओढून आमच्या अकरा जणांच्या खांद्यांची जी काही गत झाली होती, ती मला एकदम आठवली. टेओफिलरावांनी टोपी काढली. बाकावरचे चौघं उभे राहिले.

गिअर पुढे कसा टाकायचा आणि वळायचं कसं, ते मिर्काने सांगितलं: दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे उलट आहे, असं लेओकाडियाबाईंनी निदर्शनास आणून दिलं. मिर्का म्हणाली, आहेच. मग बोटीने एक मोठा, सावकाश वळसा घेतला आणि ती धक्क्याकडे येऊ लागली. पण जरा जोरात. एवाल्ड हात हलवत ओरडला की आता नको, पुन्हा फिरवा. त्यांनी फिरवली. दुसऱ्यांदा आल्या त्या अगदी बरोबर वेगात, मी दोरी पकडायला पुढे वाकलो, आणि त्या माझ्या नाकासमोरून सरळ पुढे गेल्या. हॅट मागे सरकलेली, गाल लाल झालेले. परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आल्या, लव्हाळ्यातल्या दोन हंसांना वळसा घालून. फोन त्यांनी बंद केला होता.

तिसऱ्या खेपेला मिर्काने दोरी पकडली. लेओकाडियाबाईंनी लाल बटण दाबून मोटर बंद केली, हवेचा स्क्रू आवळला, आणि वहीत वेळ लिहिली. मी माफी मागायला तोंड उघडलं. दात वाजत असल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. कोरडे कपडे घाला आधी, असं त्यांनी मला सुनावलं, आणि दोरी कोण सोडतं हो, असं विचारलं. टेओफिलरावांजवळ मात्र त्यांनी नंतर कबूल केलं की शेवटची फेरी घ्यायची गरज नव्हती.

दुपारी एवाल्डने धुरावर शेकलेले छोटे मासे आणून दिले, कागदात, बोटं चटकावणारे. त्याने आणि बाकाने मिळून आमची डोलकाठी उभी करून दिली. एवढी करमणूक फुकट मिळाली, त्याची परतफेड म्हणे. मी टेओफिलरावांच्या जादाच्या पँटमध्ये होतो. ते माझ्यापेक्षा एक वीत उंच आहेत, त्यामुळे माझे पाय कुठे संपतात ते कुणालाच, अगदी मलाही, कळत नव्हतं.

लेओकाडियाबाईंचं काम झालं होतं. नोंद झाली होती, सहीही झाली होती. परतीची बस चारला होती, आणि टेओफिलरावांना तिचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. मिर्काने विचारलं, की थांबता का थोडा वेळ, आता शीड लावणार आहोत. लेओकाडियाबाईंनी वहीत बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं असेल, आणि थांबते म्हणाल्या.

मोटरवरच धक्क्यापासून दूर गेलो. मग मिर्काने पोटाखालचं पातं खाली सोडलं, शीड वर ओढलं, आणि मला मोटर बंद करायला सांगितली. मी केली. आवाज थांबला आणि इतकं शांत झालं की शिडाच्या कापडात वारा भरतो त्याची सळसळ ऐकू आली. बोट जराशी कलली आणि चालायला लागली. कुणी काही ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं, कुठे काही पेटलेलं नव्हतं. बोटीच्या बाजूने पाणी खळखळत मागे जात होतं. सव्वीस वर्षांत मी किती पाणी मोजलं असेल. असं जाताना पाहिलं नव्हतं. मिर्काने सुकाणू माझ्या हातात दिलं, डोळे मिटून पाठ टेकली, आणि तिचा चेहरा कधीतरी फोटोत पाहिलेल्या एका शाळकरी मुलीसारखा दिसू लागला.

टेओफिलराव पुढच्या बाजूला उताणे पडले होते आणि, मला वाटतं, झोपले होते. लेओकाडियाबाई माझ्यासमोर गुडघे जुळवून बसल्या होत्या. दहा मिनिटं गेली असतील. त्या इकडे बघत, तिकडे बघत, दोरीचं सुटलेलं टोक उचलून नीट गुंडाळून ठेवत. शेवटी त्यांनी विचारलं,

"आता पुढे काय करायचं असतं?"

"काही नाही," मिर्का डोळे न उघडता म्हणाली.

"म्हणजे कधीपर्यंत?"

"वारा आहे तोपर्यंत."

लेओकाडियाबाईंनी यावर बराच विचार केला. वही पर्समध्ये ठेवली, पर्स पायाशी. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, एकात एक घालून नीट बुटात ठेवले, आणि आपले पांढरेशुभ्र पाय हळूच बाजूने पाण्यात सोडले.